वाचून सही केली

पोशेरा गावाच्या अलीकडच्या पाड्यावर सुकऱ्या सोम्या म्हणून एक जण होता. नागलीचे दोन तुकडे, भाताचा एक, आणि बायको पोशी, एवढाच त्याचा संसार. पण पाड्यात त्याला मान होता, कारण सही येणारा तो एकटा होता.

जव्हार संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी मोठ्या माणसांना शिकवायला एक गुरुजी आले होते. दोन महिने टिकले आणि हिवतापाला कंटाळून गेले. बाकीच्यांनी पाटीबरोबर अक्षरंही टाकून दिली. सुकऱ्यानं मात्र स्वतःचं आणि बापाचं नाव कोळशानं कुडाच्या भिंतीवर गिरवून गिरवून पक्कं केलं. त्यापलीकडे त्याला काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. सही येते म्हणजे वाचता येणारच, असं सगळा पाडा धरून चालला. कोणी कागद आणला की हा तो दूर धरायचा, जवळ धरायचा आणि म्हणायचा, "ही कचेरीची भाषा हाय, जव्हारला दाखव." एकदा मिठागरावर मजुरीला गेलेल्या पाड्यातल्या तुकाचं पत्र घरी आलं, तेव्हा त्यानं छातीठोकपणे सांगून टाकलं, की सगळं बरं आहे. नशिबानं बरंच होतं.

मग चौकीवर नवा जमादार आला. त्यानं माणसं गोळा करून सांगितलं, "राजाचे शिपाई गेले. आता राज्य तुमचं, तेव्हा चोरी, दारू, मारामारी, सगळ्यावर नजर ठेवायला गावानंच पोलिसाला मदत करायची." मदत म्हणजे मुख्यतः पंच व्हायचं. पोलिसांनी काही पकडलं की सोबत उभं राहून बघायचं आणि लिहिलेल्या पंचनाम्यावर खूण करायची. अंगठे देणारे हवे तेवढे होते. सही करणारा भेटल्यावर जमादार खूश झाला, "असा माणूस पाहिजे" म्हणून त्यानं पाठीवर थाप मारली, आणि आमचा सुकऱ्या तिथंच कामातून गेला. पुढची चार वर्षं आसपासच्या एकूण एक पंचनाम्यावर त्याची सही पडली. घरी पोशी विचारायची, "काय लिवला होता?" हा म्हणायचा, "पोलिसांचा काम हाय, घरात बोलायचा नसतो."

चौपन्न सालच्या वैशाखात ओहोळाकाठच्या करवंदीच्या जाळीत मोहाच्या दारूचं मडकं सापडलं. दारूबंदी होती, जमादाराला केस हवी होती. मडकं कोणाचं ते देवालाच ठाऊक, पण सगळ्यात जवळचं घर बुधीचं. तिचा नवरा देवराम जंगलतोडीच्या कामावर गेलेला. जमादारानं तिच्याच ओट्यावर बसून पंचनामा लिहिला. जाळीतलं मडकं सुकऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जे पाहिलं तेच लिहिलं असणार, म्हणून त्यानं निर्धास्त सही ठोकली. बुधीला चौकीवर नेलं, तेव्हाही त्याला वाटलं, विचारपूस करतील आणि सोडतील.

महिन्याभरानं जव्हारला खटला उभा राहिला. पाड्यातली आठ-दहा माणसं चालत गेली. बुधी म्हणाली, "मडका माझे घरात नव्हता. ओहोळाला होता. या सुकऱ्यादादानं बघितलाय, त्याला विचारा."

मॅजिस्ट्रेट भला माणूस होता. त्यानं सुकऱ्याला पुढं बोलावून सही दाखवली.

"तुमचीच ना?"

"हो, साहेब."

"वाचून केलीत, की नुसतीच केलीत?"

मागे सगळा पाडा उभा होता. सुकऱ्यानं एकदा मागे पाहिलं आणि तो म्हणाला, "वाचून."

मग कारकुनानं पंचनामा मोठ्यानं वाचला. मडकं बुधीच्या घरात, चुलीमागे, गोणपाटाखाली सापडल्याचं त्यात लिहिलं होतं. सुकऱ्या हे पहिल्यांदाच ऐकत होता. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "हे बरोबर आहे?"

आता एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, मला वाचता येत नाही. त्या खोलीतल्या दहांपैकी नऊ जणांना येत नव्हतं, त्यात लाज ती कसली? पण या गृहस्थाला तेवढं बोलवेना. त्यानं मान खाली घातली आणि तो म्हणाला, "बरोबर आहे."

बुधीला तीन महिन्यांची कैद झाली.

त्या पावसात सुकऱ्यानं आपल्या आधी बुधीच्या तुकड्यावर नागली लावली. कामावरून परतलेला देवराम त्याबद्दल त्याच्या पाया पडायला आला, तेव्हा त्याला पळून जावंसं वाटलं. पाड्यातली माणसं म्हणाली, कायद्यापुढं खरं बोलावं लागलं बिचाऱ्याला, पण माणूस मनाचा मोठा. जमादाराचा निरोप आला की तो ताप आल्याचं सांगून घोंगडी पांघरून पडायचा. जेवताना त्याचा हात मध्येच थांबायचा आणि पोशीनं दोनदा हाक मारल्याशिवाय हलायचा नाही. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

भाद्रपदात बुधी सुटून आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. वाळली होती.

"दादा, मी तुझा काय वाकडा केला होता?"

सुकऱ्या ओट्यावरून उठून उभा राहिला.

"तीन महिने आठवत बसले. एकदा तुझी गाय शेतातून हाकलली होती, त्याचा राग धरला का? का पोशीसंगं पाण्यावर भांडण झाला होता, तो? दुसरा काय सापडत नाय मना. तू सांग, मी माफी मागन."

माफी ती मागणार होती. सुकऱ्या तिच्यापुढं खाली बसला.

"बुधे, मना वाचता येत नाय," तो म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं: गुरुजी, कुडावरचं नाव, जमादाराची थाप, कोर्टात मागे उभी असलेली माणसं. पोशी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.



"इतकाच?" बुधीनं विचारलं.

"इतकाच."

"वैर असता तर बरा झाला असता, दादा," ती म्हणाली. "तो मिटवता आला असता."