भोंग्यावर न घेतलेलं नाव

खेळांचं वर्णन करत मी आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर जन्म काढला. लोक मोठमोठ्या स्टेडियममधले किस्से विचारतात. पण गवतातून चालून आल्यावर धोतराला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे मला चिकटलेत ते बहुतेक चांद्याकडचे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडचे, पन्नासच्या दशकातले!

सुरुवात राजुऱ्याच्या शंकरपटात झाली. बैलजोड्यांची शर्यत, मोहाच्या झाडाला बांधलेला भोंगा आणि त्याचे मालक गुलाबभाऊ. ऐन शर्यतीत बॅटरी बसली. मी गप्प झालो, तर गुलाबभाऊ ओरडले, "थांबून काऊन राह्यला बे? भोंगा बंद पडला, तुहं तोंड नाई!" उरलेला पट मी बैलबंडीवर चढून, बोंबलून सांगितला.

घरी बाबा म्हणाले, "बोलून धान पिकते काय?" नांगर सोडून माईक धरला म्हणून ते माझ्याशी बोलेनासेच झाले. जेवायला बसलो की आईला सांगायचे, "त्याले भाजी वाढ." मला ते फार लागायचं.

गुलाबभाऊंचा एक नेम होता. हरलेल्या जोडीच्या मालकाचं नाव भोंग्यावर घ्यायचं नाही. "त्याले बैलं घेऊन साऱ्या गावातून घरी जा लागते," ते म्हणायचे.

माजरीला खाणीतल्या दोन पाळ्यांचा हुतुतूचा सामना होता. गडी पाळी संपवून थेट मैदानात आलेले, कोळशानं सगळे सारखेच काळे! कोण बाद झालं तेच कळेना. शेवटी एका खेळाडूच्या बायकोला शेजारी उभं केलं. "चालीवरून वळखते न मी! तो पाह्य, माहा नवरा. भेला का डावीकडंच पळते!" माईक चालू होता. पुढच्या चढाईला समोरचे सगळे गडी डावीकडे उभे!

गुलाबभाऊंचं अजून एक. कित्येक वर्षांनी मी टीव्हीवर दिसलो, तेव्हा ते पार म्हातारे झाले होते. उठून टीव्हीच्या मागे डोकावले. "आवाज तोच हाये. भोंगा कुठी लपवला?"

पण त्याआधी नागपूर. रेडिओच्या आवाज-चाचणीत साहेबांनी मनानंच एक हॉकीचा सामना रंगवायला सांगितला. मी घाम गाळून रंगवला.

"छान. पण हरलं कोण?"

"साहेब, ते आमच्याकडं सांगत नाई."

साहेब पोट धरून हसले. "इथं सांगावं लागेल हो!"

निवड झाली. पण बाबांच्या होकाराशिवाय माझा पाय निघेना, आणि बाबा तर बोलतच नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी राजुऱ्याला पट होता. शेवटच्या शर्यतीत बाबांची जोडी! जोडी सुसाट निघाली, पण टोकाशी उजवा बैल बुजला आणि दुसरी जोडी पुढे गेली. जिंकणाऱ्याचं नाव मी जोरात पुकारलं. नेमाप्रमाणे पुढे काही बोललो नाही.

बाबा बैलांना तिथंच उभं करून मोहाखाली आले. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. उलटा धरला होता, तो गुलाबभाऊंनी सरळ करून दिला.

"हारलेली जोडी माही होती," बाबा भोंग्यावर म्हणाले. "अन् हा बोलणारा पोरगा बी माहाच हाये. उद्या नागपूरले चालला."