काळ्या टोपडीतली बोंडं

कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी आमच्याकडे बाया सीतादही करतात. शेतातल्या पाच पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, देवी मानून पूजा करायची, चारी दिशांना दहीभात शिंपडायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. बोरी अरबजवळच्या आमच्या वावरात आई हे करायची तेव्हा उरलेला दहीभात मला मिळायचा आणि तो मला फार आवडायचा. पण सरकारी फारमावर जे सीतादही मी पाहिलं, त्यानंतर त्या पूजेला मी कधी गेले नाही. देवीशी माझं भांडण नाही. माणसांशी आहे, आणि ते अजून मिटलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन एकदोन वर्षं झाली असतील. नागपूरहून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि घाटंजीकडच्या एका कापूस फारमावर संशोधन सहायक म्हणून लागले. संशोधन हा शब्द माझ्या नेमणुकीत होता, कामात नव्हता. बियाण्याची पोती मोजायची, फळ्यावर पावसाचा आकडा लिहायचा आणि पाहुणे आले की चहाचे कप धड आहेत का ते पाहायचं. फारमावर शिकलेली बाई मी एकटीच, त्यामुळे कपांमधलं मलाच जास्त कळतं असा सगळ्यांचा समज होता. बी.एस्सी.ला कपांचा पेपर नसतो, हे मी एकदा सांगूनही पाहिलं. सगळे हसले आणि कप माझ्याकडेच राहिले.

मला मात्र एक प्रश्न लहानपणापासून छळत होता. हंगामाच्या शेवटी पऱ्हाटीची पानं लाल होतात, गळतात, झाड अर्धं उघडं पडतं, तरी शेंड्याकडची बोंडं भरतच राहतात. पान उजेडात झाडाचं अन्न तयार करतं, त्याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात, असं पुस्तकात लिहिलं होतं. बरं. मग पानं गळाल्यावर बोंडाला कोण जेवू घालतं? बोंड स्वतः हिरवं असतं, त्याच्याभोवतीच्या तीन दातेरी झालरीही हिरव्याच. बोंड नुसतं आयतं खातं, की त्याची स्वतःचीही छोटी चूल असते? हे शोधायला मोठं यंत्र नको होतं. बोंड वाढत असताना त्याला अंधारात ठेवायचं आणि पिकल्यावर कापूस तोलून पाहायचा.

जुन्या छत्र्यांचं काळं कापड गोळा करून मी बोंडांच्या मापाची टोपडी शिवली. तान्ह्या मुलांना घालतात तशी, खाली नाडी. नुसत्या कोंडमाऱ्यानेही बोंड खुरटू शकतं, म्हणून तितक्याच बोंडांना पांढऱ्या मलमलीची टोपडी घातली, उजेड आत जाईल अशी. तेवढीच बोंडं उघडी ठेवली. प्रत्येक देठाला रंगीत दोरा बांधला. वेचणाऱ्या बायांनी माझी भरपूर मजा घेतली.

"बाई, बोंडायचं बारसं कवा हाये?" एकीनं विचारलं.

"कापूस तोलला का," मी म्हटलं.

मी हे थट्टेत म्हटलं नव्हतं. दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेत झाडांच्या अन्ननिर्मितीवर संशोधन करण्यासाठी नव्या पदवीधरांना दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळत होती. माझा अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला होता. नागपूरला मुलाखत व्हायची होती आणि तिथं या प्रयोगाचा निकाल सांगायचा होता. वयाची अट होती. त्या वर्षी मी अटीत बसत होते, पुढच्या वर्षी बसले नसते. म्हणजे माझ्या हातात हा एकच हंगाम होता, आणि ही गोष्ट फारमावर सगळ्यांना ठाऊक होती.

बोंडं फुटली तशी मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे फारमाचे प्रमुख. दिग्रसकडचे, मायाळू, माझ्याएवढी त्यांची मुलगी होती. माझा कापूस मला आता वेचून तोलायचा आहे, असं मी सांगितलं.

"थांबा थोडं," ते म्हणाले. "मुंबईचे बडे पाहुने येऊन राह्यले. त्यायच्या बाईसाहेबाच्या हातानं सीतादही करू, मंग वेचनी. रस्त्यावरचा पट्टा कसा पांढराफेक दिसला पाह्यजे. तोवर एक बोंड तोडू नका."

रस्त्यावरच्या पट्ट्यातच माझी टोपडी होती. पूजा मागच्या पट्ट्यात करा म्हटलं, तर म्हणाले, तिकडं काळ्या मातीत मोटार फसते. मग निदान माझी बोंडं तेवढी आधी काढू द्या म्हटलं.

"अवो, तेच तं दाखवाचं हाये! आपल्या फारमावर रिसर्च चालते, हे दिसाले नको? कोनी हात लावनार नाही, माह्या शब्द हाये."

पाहुणे आज येतात, उद्या येतात, करता करता लांबतच गेले. कापूस झाडावर लोंबत होता. सीतादही झाल्याशिवाय वेचणी नाही, म्हणून बाया सकाळी यायच्या आणि मोकळ्या हातानं परत जायच्या. त्या जाताना मोठ्यानं शिव्या देत. मी नोकरीवाली, मी मूग गिळून बसले होते. आज ते आठवलं की मला त्या बायांचा हेवा वाटतो.

शेवटी मोटार आली. माझ्या हातात पूजेचं ताट देण्यात आलं, कारण मी बाई. प्रयोग ज्यानं मांडला त्यानं तो पाहुण्यांना समजावून सांगावा, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ते काम साहेबांनी केलं आणि काळ्या-पांढऱ्याची उलटापालट करून सांगितलं. मी ताट धरून मागे उभी. हळदकुंकू झालं, दहीभात शिंपडला, पाहुण्यांच्या पत्नीनं पहिलं बोंड वेचलं, टाळ्या झाल्या. तिथवर सगळं ठीक होतं.

मग त्या बाईंना टोपडी दिसली.

"अगं बाई, किती गोड! झाडांना थंडी वाजते की काय?" असं म्हणत त्यांनी नाडी ओढली. टोपडं कापसासकट हातात आलं. त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी दुसरं काढलं, तिसरं काढलं. काळं काय, पांढरं काय. मी "नाही, नाही, थांबा" म्हणत पुढे झाले, तर साहेबांनी ताटासकट माझे हात असे धरले, की मला ताट सोडताही येईना. "ऱ्हाऊ द्या, पाहुने हायेत," ते दात दाबून पुटपुटले. बाईसाहेबांनी हात घातलेला पाहून त्यांच्याबरोबरच्या बायका आल्या, त्यांच्यामागून इतके दिवस खोळंबलेल्या आमच्या बाया आल्या. कुणी तरी माझ्याकडे बोट करून "हे बाईचं हाये" असं ओरडलंही. पण हात चालायला लागले होते. बघता बघता रांगच्या रांग मोकळी झाली आणि सगळा कापूस एकाच ओटीत, वेचणीच्या झोळीत, जमा झाला. टोपडी मात्र बाईसाहेबांनी नातवंडांसाठी पिशवीत घालून नेली.

मोटार गेल्यावर मी तो ढीग उपसत बसले. अंधारात वाढलेला कापूस आणि उजेडात वाढलेला कापूस डोळ्यांनी वेगळा करता येत नाही. येत असता तर प्रयोग कशाला मांडला असता? हे कळत होतं, तरी मी चिमूट चिमूट कापूस उजेडात धरून बघत होते. साहेब आले आणि माझ्याजवळ उकिडवे बसले.

"कायले जिवाले लावून घेता? अंदाजानं आकडे भरून टाका. उन्हाबिगर कापूस कमीच भरन ना? हे तं शेंबडं पोरगंबी सांगीन."

"तेच तं माहीत नाही, साहेब," मी म्हटलं. "माहीत असतं तं टोपडे कायले शिवले असते?"

ते माझ्याकडे असं पाहत राहिले, की जणू मी जेवणावर रुसलेली पोर आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापसाची ती ओटी मी त्यांच्या समोर उलटी केली आणि खोलीवर निघून गेले.

मुलाखतीला मी रिकाम्या हातानं गेले. प्रयोग कसा मांडला आणि तो कसा बुडाला, हे सरळ सांगायचं ठरवलं होतं. पण मला बोलायची संधी मिळण्याआधीच समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "तुमच्या प्रमुखांनी आम्हाला निकाल कळवला आहे. काळ्या टोपडीतल्या बोंडांचा कापूस बराच कमी भरला. फार सुरेख काम आहे. खेड्यातल्या फारमावर, एका मुलीनं!"

समोर बसलेली सगळी माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. दिल्ली माझ्यापासून एका 'हो'च्या अंतरावर होती. मला ते 'हो' म्हणावंसं वाटलं. का वाटू नये? इतकं कौतुक मला आयुष्यात कुणी केलं नव्हतं, आणि ते चक्क खोट्यासाठी चाललं होतं.

"तो कापूस तोललाच गेला नाही," मी म्हटलं.

मग अध्यक्षांचा आवाज बदलला. "म्हणजे तुमचे वरिष्ठ खोटं बोलतात, असं तुम्हाला म्हणायचं आहे?"

"तराजूत काही पडलंच नाही, एवढंच मला म्हणायचं आहे."

यावर त्यांना राग आला, आणि तो माझा आला. खोटे आकडे पाठवणाऱ्याचा नाही, आकडे न तपासता वाखाणणाऱ्या स्वतःचाही नाही. नंतर एक सदस्य मला बाहेर व्हरांड्यात गाठून हळूच म्हणाले, "प्रयोग चांगला आहे हो. पुढच्या वर्षी करून या." पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसत नाही, हे त्यांना सांगितलं. "अरेरे," ते म्हणाले. "मग आज गप्प बसायला हवं होतं. तुमचं नाव ठरल्यातच जमा होतं." एवढ्या शिकलेल्या माणसानं हे उपदेश म्हणून सांगितलं. मला तिथंच त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, आणि ओरडले नाही याची चुटपूट आजही आहे.

यवतमाळपर्यंत आणि तिथून पुढे घाटंजीपर्यंत एस.टी.त मी साहेबांना सुनवायचे शब्द जुळवत होते. उतरले ती सरळ त्यांच्या कचेरीत गेले. ते उठून उभे राहिले, चेहरा फुललेला. पेढ्यांचा पुडा टेबलावर आणूनच ठेवला होता.

"झालं ना काम?"

"मी खरं सांगतलं."

ते मटकन खाली बसले. "अवो बाई, काय केलं हे? म्या तुमच्यासाठीच तं कळवले होते ते आकडे. पोरगी इतकी खपली, तिचं वाया जाऊ नये म्हून. माह्या काय फायदा होता त्याच्यात?"

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते ढोंग नव्हतं. मी जुळवलेला एकही शब्द मला आठवेना. लबाड माणसाला मी चारचौघांत उभं केलं असतं. या माणसानं आधी माझं काम पाहुण्यांच्या ओटीत घातलं, मग माझ्या नावानं खोटं लिहिलं, आणि दोन्ही वेळा त्याला वाटलं की आपण चांगलंच करतोय. इतका राग मला कुणाचा कधी आला नाही.

"माह्याजवळचे बोंडं हिसकून मले आकडे कायले देता?" मी म्हटलं.

"बोंडायचं काय, बाई," ते डोळे पुसत म्हणाले. "बोंडं दरसाली येतेत."

"माह्यं वय येत नाही, साहेब."