साडीच्या फॉलचं निमित्त

मंडळी, सासूबाई गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, "तू तर सायकॉलॉजिस्ट, तुला काय सांगायचं!" हे ऐकून थकले आहे.

आज दुपारी कोपरखैरण्याहून माझ्या एक जुन्या पेशंट आल्या. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात वाशीच्या घरात मी काम सुरू केलं, तेव्हा कोणी येईना. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाताना सोसायटीनं पाहिलं तर? हे काम सोडावं म्हणून मी बँकेच्या परीक्षेचा अर्जसुद्धा आणला. तेव्हा सासूबाईंनी दारावर पाटी लावली, 'साडीला फॉल लावून मिळेल', आणि बाहेरच्या खोलीत सुईदोरा घेऊन बसल्या. मग पिशवीत साडी घेऊन बायका येऊ लागल्या. आत माझ्याशी बोलायच्या आणि जाताना फॉल लावलेली साडी घरी न्यायच्या.

आज या बाईंनी तेव्हा फॉल लावायला आणलेली साडी सोबत आणली होती.

"ताई, नवी साडी नव्हती, म्हणून याच साडीचा चांगला फॉल उसवून आणला होता मी. तुमच्या सासूबाईंनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, पुढच्या वेळी तशीच आण, उसवायचं काम पण मीच करीन!"

आम्ही दोघी हसलो. मग मी रडायला लागले. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

उद्या मीच एका समुपदेशकाकडे जाणार आहे, आणि घरात तसं सांगूनच जाणार आहे. तुमच्यापैकी कोणाला अजून हातात साडी घेऊन जावं लागतं का?