दालमिलचे जुने पत्रे आणि दिराला दिलेला शब्द

“ग्राइंडर बंद करा! आधी बंद करा!”

गाडीतून उतरायच्या आतच मी ओरडलो. झरी गावाजवळच्या एका बंद दालमिलच्या आवारात दत्तराव जुना सिमेंटचा पत्रा मापात कापत होते. पांढरी धूळ त्यांच्या मिशांवर बसली होती. मिलच्या मालकीण चंद्रकलाबाई त्यांच्या वहिनी. साहेब येणार म्हणून त्या खराटा घेऊन ती धूळ झाडायला निघाल्या होत्या. त्यांनाही थांबवलं. आल्या आल्या मी घरातल्या दोन मोठ्या माणसांवर खेकसलो. माझं काम बहुधा असंच सुरू होतं.

काम म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सर्व्हे. जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे, कशा अवस्थेत आहे आणि त्याचं काय करायचं, हे मालकाला सांगायचं. आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात बळकटीसाठी या खनिजाचे बारीक तंतू घातलेले असतात. पत्रा अखंड आहे तोवर ते त्यातच अडकून राहतात. कापला, फोडला, भोक पाडलं, की हवेत उडतात आणि छातीत जाऊन बसतात. तिथून निघत नाहीत. दुखणं उमटायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून कुणाला खरं वाटत नाही.

दत्तरावांनाही वाटलं नाही.

“आमचा बाप ह्याच पत्र्याखाली म्हातारा झाला की, सायब.”

“पत्रे कापत होते का ते?”

“न्हाई.”

“मग झालं तर.”

धुळीवर पाणी मारलं, ओल्या फडक्यांनी ती टिपली आणि फडकी पिशवीत बांधली. मग मास्क लावून, पत्रा ओला करून, तुटक्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा काढला आणि दुहेरी पिशवीत घालून लॅबला पाठवला. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तंतू बघतात. नुसत्या डोळ्यांनी खात्री देणारा सर्व्हेअर भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

रिपोर्ट येईपर्यंत मला घरातला मामला कळला. मिल एका बियाणे कंपनीला गोदामासाठी भाड्याने द्यायची होती. सर्व्हे त्या कंपनीनेच मागितला होता. बाईंनी छपरासाठी नवे निळे लोखंडी पत्रे आणून ठेवले होते आणि एक बाजू उतरवलीही होती. जुने पत्रे दत्तरावांच्या गोठ्यासाठी. इमारत उतरवली की जुनं सामान भावकीत द्यायचं, ही इकडची रीतच. पण इथे नुसती रीत नव्हती. बांधाच्या भांडणापायी दीर-भावजयीचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. नुकताच समेट झाला होता, तोही या पत्र्यांवर. भावकीसमोर बाईंनी शब्द दिला होता.

रिपोर्ट आला. अ‍ॅस्बेस्टॉस निघाला. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, की छपरावरचे अखंड पत्रे आहेत तिथेच ठीक, त्यांना हात लावू नका. उतरवलेले मात्र ओले करून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी जातील. गोठ्यासाठी द्यायचे नाहीत.

दत्तराव ताडकन उठले. “वैनी, द्यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं. सायबाला कशाला मधी घातलं?”

अशा वेळी मालक माझ्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. मला त्याची सवय आहे. बाईंनी तसं केलं नाही.

“भावजी, बसा. ते पत्रे मी तुमाला देत न्हाई. तुमच्या छातीत घालायला कबूल केले व्हते का मी? नवे घेऊन जा.”

“नवे?”

“उघड्या बाजूपुरते ठेवते. बाकीचे तुमचे.”

न राहवून मीच मध्ये पडलो. “बाई, जुनं छप्पर कंपनीला नाही पटलं तर?”

“तर बघू, सायब. कंपनी आत्ता आली. भावजीला शब्द आधी दिलाय.”

दत्तराव खाली बसले. म्हणाले, “वैनी, लय झालं हे.”

वाईट बातमी मी खूप मालकांना दिली आहे. कुणी आरडाओरडा करतो, कुणी हळूच म्हणतो, “रिपोर्टमध्ये जरा बघा की काहीतरी.” स्वतःच्या छपराचे नवे पत्रे देऊन शब्द पाळणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मला त्या बाईंचं मनापासून कौतुक वाटलं आणि ते मी तोंडावर सांगितलं.

“चहा घ्या, गार व्हायलाय,” त्या म्हणाल्या.

कंपनीने कुरकुर केली. छपराची अवस्था, तंतू सुटू नयेत म्हणून आतून द्यायचा रंगाचा थर, ठरावीक काळाने करायची पाहणी, हे सगळं मी अहवालात लिहून दिलं. शेवटी करार झाला. आज मिलवर बहुतेक जुनेच राखाडी पत्रे आहेत आणि दत्तरावांच्या म्हशी निळ्या कोऱ्या छपराखाली रवंथ करतात.

मालकांना माझा सल्ला एवढाच, की आधी सर्व्हे करून घ्या आणि जुने पत्रे कुणाला कबूल करायचे ते त्यानंतर. उलटं केलंत, तर शब्द पाळायला नवे द्यावे लागतात. ते सगळ्यांच्याने होत नाही.