कापलेलं अर्धं मिनिट

गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये चिंधाबाईचा आणि माझा घात झाला. सगळ्यांदेखत झाला. टाळ्या वाजल्या.

चिंधाबाई आंबेगावच्या पश्चिमेकडची. सत्तरी ओलांडलेली. घरचं भात, घरची नाचणी. तिचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. मी पिंपरी पेंढारच्या बौद्ध वस्तीतली. ग्रंथालयशास्त्र शिकलेली, त्या कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटावर सहायक. कॉलेजचं नाव लिहीत नाही. भीती वाटते असं नाही. लिहिलं तर तेवढंच एक कॉलेज वाईट ठरेल आणि बाकीची सुटतील.

पडद्यावर नकाशा होता. निळ्या पाण्याखाली भाताच्या खाचरांचे बारीक बारीक तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं नाव. आमच्या ग्रंथपाल सरांनी एका तुकड्यावर क्लिक केलं. आवाज आला, "ह्याला आमी रडकं खाचर म्हणायचो. उन्हाळ्यातबी पाझर थांबत नव्हता त्याचा."

आवाज चिंधाबाईचा. ती स्वतः मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती. शाल द्यायची म्हणून तिला गाडी पाठवून आणलं होतं. पडद्यावर आवाजाखाली अक्षरं आली: माहितीदार, स्त्री, ज्येष्ठ. त्याखाली: संकलन, आणि सरांचं नाव.

चिंधाबाईनं मला कोपरानं ढोसलं. "आवाज माझाच हाय गं. पर मी आधी बोलले व्हते ना, मी कोण, कुठली? ते कुठं गेलं?"

मला काय माहीत? मी पण ते असं कापलेलं तिथंच पहिल्यांदा ऐकत होते.

तेवढ्यात सरांनी स्टेजवरून हात केला. मी उठले, पुढं गेले. खोटं कशाला सांगू, वाटलं, आता माझं नाव घेणार. सर वाकले आणि म्हणाले, "अगं, खिचडी गार होतेय. वाटायला लाग."

माइक चालू होता. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं.

मी खिचडी वाटायला लागले.

हे सर कोण, ते सांगितल्याशिवाय घात कळणार नाही. परका माणूस घात करतच नाही. तो फक्त त्रास देतो.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा ह्याच सरांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. वसतिगृहाच्या पाण्याचा प्रश्न होता. मी दोन पानं रडगाणं लिहून नेलं होतं. त्यांनी ते फाडलं नाही, समोर बसवून म्हणाले, "पहिल्या वाक्यात सांग, कुणावर अन्याय झाला आणि कधी. शेवटच्या वाक्यात वाचणाऱ्याकडं काहीतरी माग. मधलं तुझं तू बघ." त्या पत्रकानं वसतिगृहाला टँकर आला. मला वाटलं, जग असंच हलतं. शब्द नीट लावायचे.

सर जयंतीला आमच्या वस्तीत भाषण करायचे. आईच्या हातचं जेवायचे. सर आपल्यात जेवले, हे आई चार घरी सांगत फिरायची. आज ते आठवलं की अंगाची लाही होते. जेवला म्हणून आपण एखाद्याचे उपकार मानावेत, इतकं आपल्याला कुणी खाली बसवलं?

मला ग्रंथालयशास्त्राला जायला त्यांनीच सांगितलं. कंत्राटही त्यांनीच मिळवून दिलं. आणि पाण्याखालच्या खाचरांचं काम मी सुरू केलं तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली ती त्यांनीच.

डिजिटल स्कॉलरशिप हा शब्द ऐकला की माणसं घाबरतात, नाहीतर शिष्यवृत्ती समजतात. काम असं: गाव पाण्यात गेलं, सातबाऱ्यावर गट नंबर उरला. पण शेताचं नाव म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे. रडकं खाचर. सासूचं खाचर. मोडक्या उंबराचं. ते नाव त्यांच्या आवाजात घ्यायचं, जुन्या नकाशावर त्याच जागी बसवायचं, आणि असं ठेवायचं की उद्या कुठलाही अभ्यासक, किंवा चिंधाबाईचा पुण्यात रिक्षा चालवणारा नातू, मोबाइलवर ते उघडून ऐकू शकेल. ग्रंथालयाचं काम आता फक्त कपाटात पुस्तक लावायचं नाही, ते हे.

मला ते कुणी शिकवलं नव्हतं. मोबाइल माझा, सुट्ट्या माझ्या, एसटीचे धक्के माझे.

एक गोष्ट मात्र डोंगरातल्या माणसांनीच शिकवली. कुठल्याही ओट्यावर जा, कामाचं बोलायच्या आधी समोरचं माणूस विचारणारच, "कुणाची गं तू?" मग मी सांगायचे, पिंपरी पेंढारची, अमक्याची. वस्ती कुठली तेही सांगायचे. मग ते सांगायचे, मी कोण, कुठल्या गावची, कुणाची सून. त्यानंतरच शेताचं नाव निघायचं. मी रेकॉर्डिंग त्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरू करायचे. आवाज कुणाचा, कुणाला दिला, कुठं बसून दिला, सगळं त्याच्याच पोटात. पहिलं अर्धं मिनिट. वेगळी नोंद हरवली तरी आवाज स्वतःची ओळख स्वतः सांगणार.

चिंधाबाईचं अर्धं मिनिट मला पाठ आहे. "कुणाची गं तू? हां हां. मग बस की वर, खाली कशाला बसती? मी चिंधाबाई. ही पोरगी लई लांबून आलीया, हिला सांगते मी."

आणि एका म्हाताऱ्याचं. मोठं घर. त्यानं विचारलं, कुणाची तू. मी सांगितलं. रेकॉर्डिंगमध्ये मग खाट सरकल्याचा आवाज. मग तो म्हणतो, "बरं. तिथनंच इचार. ऐकू येतंय मला." मी अंगणात, तो ओट्यावर. पुढचं सगळं त्याचं बोलणं बारीक आहे, कारण मोबाइल माझ्या हातात होता आणि मी लांब होते. खाचरांची नावं त्यानं खूप सांगितली. चांगली सांगितली. पण ते अंतर पण रेकॉर्ड झालं. मी ते मुद्दाम ठेवलं. ते अंतर पण पाण्याखालच्या गावाचा नकाशाच आहे.

मग एका मोठ्या विद्यापीठाची जाहिरात आली. ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी डिजिटल स्कॉलरशिपचं प्रशिक्षण, राहून शिकायचं. आवाज कसा जपायचा, नकाशाला कसा जोडायचा, त्याचे हक्क कुणाचे, सगळं. अट दोन गोष्टींची: हातात स्वतःचं काम पाहिजे, आणि ग्रंथपालाची शिफारस पाहिजे.

मी जाहिरात घेऊन सरांकडे पळत गेले. अक्षरशः पळत.

सर म्हणाले, "वा! पण हे कायम नोकरीवाल्यांसाठी असतं गं. कंत्राटीला घेत नाहीत. असं करू, मी जाऊन येतो. शिकून येतो आणि तुला शिकवतो. शेवटी काम आपलंच आहे ना?"

आपलंच. ह्या शब्दानं मी मेले. मी त्यांना तोवरच्या सगळ्या फायलींच्या प्रती काढून दिल्या. स्लाइडसुद्धा मीच बनवून दिल्या. एसटी स्टँडवर सोडायला गेले. आईनं वाटेत खायला धपाटी दिली होती.

आले ते सरळ नकाशाच्या उद्घाटनाची तारीख घेऊनच आले. मला शिकवायला त्यांना सवड झाली नाही.

तर मी खिचडी वाटत होते. विद्यापीठातून आलेल्या पाहुण्या मॅडमसमोर गेले. प्रशिक्षण त्यांच्याच विभागानं घेतलं होतं. बाई साधी वाटली. तिनं विचारलं, "तुम्ही इथं काय करता?"

"ग्रंथालयात आहे. कंत्राटावर."

"अरे! मग अर्ज का नाही केलात? कंत्राटी लोकांना कुणी पाठवत नाही, म्हणून तर आम्ही त्यांचा प्रवास, राहणं, सगळं करतो. तुमच्या सरांना मी फोनवर विचारलं पण होतं. ते म्हणाले, आमच्याकडं ह्या कामातलं दुसरं कुणी नाही."

दुसरं कुणी नाही.

माझ्या हातात पळी होती. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नक्की करा हं." आणि दही आहे का, ते विचारलं. मी दही आणून दिलं.

शाली वाटून झाल्या, माणसं पांगली. मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते खुशीत होते. मला बस म्हणाले नाहीत, पण ते नेहमीचंच. माझ्या लक्षात त्या दिवशी आलं.

मी विचारलं, "सर, सुरुवात कुठं गेली?"

"कसली?"

"कुणाची तू, ते. सगळ्यांचं पहिलं अर्धं मिनिट कापलंय."

"अगं, ते एडिटिंगचं शिकलो ना तिथं. नको असलेला भाग काढायचा. आवाज एकसारखा करायचा. तो म्हातारा ऐकलास का? किती बारीक होता. आता कसा शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो!"

खरं होतं ते. अंगणातलं अंतर त्यांनी पुसून टाकलं होतं. तो म्हातारा आता सरांच्या शेजारी बसून बोलत होता. मी तिथं नव्हतेच. कधीच नव्हते.

"पण त्यात चिंधाबाईचं नाव होतं, सर."

"आणि जात पण होती. कुणाची तू, कुठल्या वस्तीची, हे ऐकून उद्या वाद झाला म्हणजे? संस्थेचं बघावं लागतं मला. आणि प्रत्येक फायलीत तुझं नाव कशाला हवं? एवढी प्रसिद्धीची हाव बरी नाही." मग आवाज मऊ केला. "बरं, पाणलोटाच्या वरच्या वाड्यांचे राहिलेले आवाज तुझ्या मोबाइलमध्ये आहेत ना? ते उद्या दे. दुसरा टप्पा मंजूर होतोय."

"नाही देत."

मी हे आयुष्यात त्यांना पहिल्यांदा म्हणाले. ते हसले. त्यांना वाटलं, मी रुसले.

"सुरुवात परत जोडा. नावं परत लावा. मगच देईन."

"कंत्राट कुणाच्या सहीवर वाढतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तेव्हा ते उठले. चेहरा बदलला. "तुमच्या लोकांसाठी मी काय काय केलं, आणि तू हे बोलतेस?"

तुमच्या लोकांसाठी.

इतकी वर्षं आईच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस. आपलंच काम म्हणणारा. मी म्हटलं, "सर, फायलीतनं तुम्ही ते कापलंत. पण आत्ता तुम्ही पण तेच विचारलंत मला. कुणाची तू. डोंगरातली माणसं निदान तोंडावर विचारतात."

दार मी लावलं नाही. उघडंच ठेवून निघाले. शिपाईमामांनी ऐकलं, क्लार्कनं ऐकलं. ऐकू दे.

बाहेर चिंधाबाई पायरीवर गाडीची वाट बघत बसली होती. मांडीवर शाल. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती शाल फेकून देईल. तसलं काही झालं नाही. तिनं शाल चाचपून बघितली. म्हणाली, "शाल ऱ्हाऊ दे. थंडीला व्हईल. पर आवाज मी तुला दिला व्हता. त्याला न्हाई. त्याच्याकडनं आण जा माघारी."

तेव्हापासून तेच करतेय. घरोघर परत गेले. ज्यांनी आवाज दिला त्यांना त्यांचा कापलेला आवाज ऐकवला आणि मग पूर्ण ऐकवला. बरेच जण चिडले. एक आजी म्हणाली, "आगं बया, माझं तोंडच कापलं की!" त्यांनी माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड करून सांगितलं, नाव लावा, न्हाईतर आमचा आवाज काढा तिथनं. सगळेच तसं म्हणाले असं नाही. तो ओट्यावरचा म्हातारा म्हणाला, "सर चांगला मानूस हाय, कशाला वाकड्यात जाती?" मी तेही रेकॉर्ड केलं. अंगणातनंच.

मार्चला कंत्राट वाढलं नाही. आता ओतूरला एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसते. हे पत्रक तिथंच छापलंय. सरांचं नाव निघालं की आई अजून उठून चुलीकडं जाते. नकाशा अजून तसाच आहे, माहितीदार, स्त्री, ज्येष्ठ. सरांना त्याबद्दल आणखी एका ठिकाणी भाषणाला बोलावलंय म्हणे.

मला कुणी सांगू नका की पुढच्या वर्षी अर्ज कर. करणारच आहे. पण ज्याच्या सहीवाचून दार उघडत नाही, तोच दारात उभा असेल तर अर्जाचं काय लोणचं घालायचं? प्रशिक्षण देणाऱ्यांनो, ती शिफारशीची अट काढा. टेबलावर काम करणारीला सरळ बोलवा. नाहीतर तुम्ही शिकवाल, आणि ते शिकून आम्हालाच कापतील.

पत्रक कसं लिहायचं ते मला सरांनीच शिकवलंय, म्हणून शेवटचं मागणं तुमच्याकडं. उद्या तुमच्या जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा. तिथं टेबलामागे जी पोरगी किंवा जो पोरगा बसलाय, त्याचं नाव विचारा. मग ते नाव घेऊन ग्रंथपालाच्या केबिनमध्ये जा आणि विचारा, प्रशिक्षणाला हिला, ह्याला का नाही पाठवलं? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.