वाटे घालणारा माणूस

आमच्या फ्रीजमध्ये इतक्या वर्षांत कधी अंडंसुद्धा आलं नाही, आणि माझ्या नवऱ्यानं मात्र या देशात हरणांच्या शिकारीचे नियम घालून दिले. पुण्यातल्या नातेवाइकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं, सुचित्रा नेहमीसारखी फिरकी घेतेय. फिरकी मी घेते, नवऱ्याची तर रोजच घेते, पण यात फिरकी नाही.

सध्या इथं आखातात, अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नाही. जिकडेतिकडे खोकी. माझा नवरा हेमचंद्र निवृत्त झाला, व्हिसाची मुदत संपत आली, आणि येत्या महिन्यात आम्ही कायमचे पुण्याला चाललोय. भांडी कागदात गुंडाळताना मला ना मॉल आठवतात, ना त्या उंच इमारती. आठवतात ते फहदच्या शेतावरचे हिवाळे. पहाटेची गार वाळू, वेलची घातलेली कॉफी, आणि चेहरा शक्य तितका गंभीर करून पाहुण्यांना नियम सांगणारा माझा नवरा.

फहद म्हणजे हेमचंद्रचा मालक. ऑफिसात सगळे त्याला अरबाब म्हणत. बांधकामाच्या सामानाचा धंदा, अल क्वोजमध्ये गोदाम, आणि शहरापासून दीड तासावर, जिथून डोंगर दिसायला लागतात तिथं, कुंपण घातलेलं मोठं शेत. शेत आपलं म्हणायला. थोडी खजुराची झाडं, बाकी सगळी वाळू आणि हरणं. त्याच्या वडिलांनी पाळलेली हरणं वाढत वाढत त्यांचा मोठा कळप झालेला. फार वाढला की चारा पुरत नाही, नर एकमेकांना जखमी करतात. म्हणून हिवाळ्यात रीतसर परवानगी काढून फहद थोडे नर कमी करायचा, आणि त्यासाठी पाहुणे बोलवायचा.

पाहुणे म्हणजे एकेक नमुने. आम्ही इथं येऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. फहदचा मेव्हणा आणि त्याचा धंद्यातला भागीदार एकाच नरावरून भांडले. गोळी माझी, नाही माझी. शिंगं कोण नेणार, मांडी कोण नेणार. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. त्यातच तिसऱ्या कुणीतरी पिल्लू असलेली मादी मारली. दुसऱ्या दिवशी फहद ऑफिसात तोंड फुगवून बसला होता. बिलांवर सह्या घ्यायला गेलेल्या हेमचंद्रनं, गप्प बसवेना म्हणून, त्याला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली.

माझे सासरे, अण्णा, राजापूरजवळच्या गावात राहायचे. घर कडक शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर. पण फार पूर्वी गावानं रानडुक्कर मारलं की वाटे घालायला बोलावणं यायचं ते अण्णांना. कारण उघड होतं. गावात बाकी प्रत्येकाच्या तोंडाला पाणी सुटलेलं, एकट्या अण्णांनाच त्यातलं काही नको. मग अण्णा उपरणं नाकाला लावून, अंगणाच्या कडेला ढिगांकडे पाठ करून उभे राहायचे. मागून कुणी एका ढिगाला काठी लावून विचारायचं, "हा कुणाचा?" अण्णा नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याचा ढीग. कुरकुरायला जागाच नाही. वाटे झाले की अण्णा घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायचे आणि दिवसभर सासूबाईंची बोलणी खायचे.

फहदनं ही गोष्ट दोनदा ऐकली. मग विचारलं, "हेम, तुम गोश्त नहीं खाता ना?"

"नहीं, अरबाब."

"कभी खायेगा?"

"नहीं."

"खलास. मेरे शिकार का कायदा तुम बनाओ."

संध्याकाळी घरी येऊन हेमचंद्र सोफ्यावर बसून राहिला. मला म्हणाला, "अगं, मला शिकार दिलीय." मी म्हटलं, "तू बढती मागायला गेला होतास ना रे?"

पण या माणसानं ते काम जिवाला लावून घेतलं. घरात पडद्याची दोन कापडं समोर धरली तर ज्याला एक निवडता येत नाही, तो तिथं जाऊन दिवसच्या दिवस जहूरबरोबर कळप बघत बसला. जहूर हा शेत सांभाळणारा बलुची, हरणांमागं वाळूतून तासन्‌तास चालणारा. इथल्या माद्यांनाही शिंगं असतात, पण बारीक. लांबून पाहुण्याला फरक कळत नाही. हे कळल्यावर पहिला नियम झाला: जहूर बोट दाखवेल त्याच म्हाताऱ्या नरावर बंदूक उचलायची. मग बाकीचे झाले. जनावर जखमी होऊन पळालं, तर ज्याची गोळी त्यानं स्वतः पायी त्याच्या मागं जायचं, सापडेपर्यंत, आणि त्या दिवशी दुसरी गोळी झाडायची नाही. शिंगं कुणीही घरी न्यायची नाहीत, ती शेतावरच राहतील. आणि वाटे सारखे. ज्यानं मारलं त्याला, ज्यानं नुसती कॉफी प्यायली त्याला, ड्रायव्हरला, आचाऱ्याला, त्या दिवशी त्या जमिनीवर जो जो आला त्याला. वाटे घालणारा सोडून.

सगळ्यांत कडक नियम मादीचा. मादी पडली तर त्या हिवाळ्यापुरती शिकार बंद, सगळ्यांचीच. आणि ज्याच्या हातून पडली त्यानं त्या जमिनीवर पुन्हा कधी बंदूक उचलायची नाही.

"कोई भी हो?" हेमचंद्रनं विचारून घेतलं होतं.

"कोई भी."

"अरबाब हो तो?"

फहद पोट धरून हसला होता. "मैं भी, हबीबी. मैं भी."

गंमत अशी झाली की, शिंगं मिळेनात आणि वाटा तर बसल्या जागी मिळतोय म्हटल्यावर निम्म्या लोकांची बंदुकीची खाज आपोआप जिरली. लोक नुसतेच यायला लागले. बायकामुलं यायला लागली. मी पोहे करून न्यायची, फहदची बायको खजूर आणि गरम दूध पाठवायची. आमच्या शुभ्राला शाळेत विचारलं होतं, वडील काय करतात? ती म्हणाली, "ही मेक्स रूल्स फॉर डिअर्स." बाईंनी मला फोन करून खात्री करून घेतली. वाटे घालताना हेमचंद्र अण्णांसारखाच उभा राहायचा, ढिगांकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून. फक्त उपरण्याऐवजी नाकाला माझा रुमाल. तसा उभा असलेला तो मला फार आवडायचा. त्याला हे मी कधी सांगितलं नाही, उगाच चढून बसला असता.

वर्षं गेली. शुभ्रा शिकायला आणखी लांबच्या देशात गेली, तिकडेच राहिली. फहद म्हातारा झाला. कंपनी त्याच्या मुलाकडे, तहाकडे आली. तहा मुलगा वाईट नाही, पण कायम घाईत. त्याला शेतावर कंपनीचे बडे ग्राहक आणायचे होते. तो हेमचंद्रला म्हणाला, "अंकल, यू हॅव डन इनफ. नेक्स्ट इयर आय विल कीप इट सिंपल." सिंपल म्हणजे काय ते आम्हाला समजलं. ग्राहक म्हटला की त्याला शिंगं पाहिजेत, फोटो पाहिजे, आणि समोर दिसेल ते मारायची मोकळीक पाहिजे.

यंदाच्या हिवाळ्यातली आमची शेवटची शिकार. गाडीत हेमचंद्र म्हणाला, "सुचित्रा, मी गेलो की हा सगळं मोडून टाकेल गं."

"तुझं काय जातंय त्यात? आपण पुण्यात असू."

मी हे सहज बोलले. शेताच्या फाट्याशी मीच थर्मासमधला चहा काढून दिला.

फहदनं ठरवलं होतं, या वर्षी पहिली गोळी आपली. हेमबरोबरची शेवटची म्हणून. त्याची नजर गेलेली होती, म्हणजे बरीचशी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे हेमचंद्रच त्याला घेऊन जायचा. पण तहासमोर आणि त्याच्या चार पाहुण्यांसमोर म्हातारा ते कबूल करायला तयार नव्हता. "दिखता है, दिखता है," म्हणत तो जीपमध्ये पुढं बसला. मी पहिल्यांदाच जीपमध्ये मागं बसले. सकाळचं धुकं पुरतं विरलं नव्हतं. जहूरनं एका नरावर बोट दाखवलं, त्याच्या पलीकडं दोन माद्या चरत होत्या. फहदनं बराच वेळ नेम धरला. गोळी सुटली, कळप उधळला, आणि एक जनावर खाली पडलं.

जहूर पळत गेला. वाकला, आणि तिथंच बसून राहिला. नर डावीकडं कुंपणाशी उभा होता, चांगला धडधाकट. ते आम्हा सगळ्यांना दिसलं. एकट्या फहदला दिसलं नाही.

"हेम," तो आनंदानं म्हणाला, "गिरा ना? नर है ना?"

तहानं बापाच्या मागून हेमचंद्रकडे बघून मान हलवली. नको, असं. त्यात काही कपट नव्हतं, मुलगाच होता तो. म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं? पाहुण्यांनीही नजरा वळवल्या. सगळे खोटं बोलायला तयार होते, फक्त सुरुवात हेमचंद्रनं करायची होती. "हाँ, अरबाब," एवढंच. मला वाटलं, म्हण रे बाबा. ज्यानं तीस वर्षं जेवू घातलं, मुलीच्या शिक्षणाला हात दिला, त्याला चारचौघांत असं कशाला? आणि त्याच वेळी मला दिसत होतं की आत्ता हो म्हटलं तर पुढच्या वर्षी तहा कुणालाच नाही म्हणू शकणार नाही. जो नियम बापाला लागला नाही, तो ग्राहकाला कुठला लागायला?

हेमचंद्र जीपमधून उतरला. पुढं जाऊन फहदच्या दाराशी उभा राहिला. त्यानं दारावर हात ठेवला.

"मादी है, अरबाब."

फहदचा चेहरा बघवेना. तो त्या दिशेनं बघत राहिला, जिथं त्याला काहीच दिसत नव्हतं. तहा घाईघाईनं म्हणाला, "बाबा, नो प्रॉब्लेम, इट्स अवर ओन लँड." म्हाताऱ्यानं हात वर करून त्याला थांबवलं. बंदूक रिकामी केली आणि जहूरला हाक मारून त्याच्या हातात दिली.

"खलास," तो म्हणाला. "इस साल खलास. और मेरा हमेशा के लिए खलास."

परतताना जीपमध्ये मला हेमचंद्रचा राग आला होता आणि त्याचा अभिमानही तितकाच वाटत होता.

शिकार बंद झाली तरी पडलेल्या जनावराचे वाटे घालायलाच हवेत. खजुराच्या चटईवर आचाऱ्यानं ढीग लावले. हेमचंद्रनं सवयीनं माझ्याकडून रुमाल घेतला आणि आपल्या जागेवर जायला निघाला. तेवढ्यात फहद म्हणाला, "तुम बैठो."

त्यानं खुर्ची मागवली आणि ती डोंगराकडं तोंड करून ठेवायला लावली. काठी टेकत आला आणि ढिगांकडे पाठ करून बसला.

"अगले साल हेम नहीं होगा," तो सगळ्यांना म्हणाला. "मेरे को अब दिखता नहीं. आज से मेरे को हिस्सा भी नहीं चाहिए. मेरे से अच्छा बाँटनेवाला कौन मिलेगा? यल्ला, तहा. पूछो."

तहानं आपल्या पाहुण्यांकडं एकदा बघितलं. मग महागातले बूट घातलेला तो मुलगा चटईशी उकिडवा बसला, पहिल्या ढिगाला बोट लावलं आणि विचारलं, "बाबा, ये किसका?"

फहदनं काठी मांडीवर आडवी घेतली.

"हेम का," तो म्हणाला. "आज वो मेरा मेहमान है."

इतक्या वर्षांत हेमचंद्रच्या नावाचा ढीग कधी पडलाच नव्हता. तो वाटे घालणारा होता. आता वाटे दुसरा कुणी घालत होता आणि तो बाकीच्यांसारखा, त्या दिवशी त्या जमिनीवर आलेला माणूस होता. तो पुढं गेला, आचाऱ्यानं बांधून दिलेलं पुडकं दोन्ही हातांनी घेतलं, आणि रुमाल नाकाला लावायचा सोडून डोळ्यांना लावला. मीही रडले. सरळ रडले, लपवलं नाही.

पुडकं त्यानं अल बर्शापर्यंत मांडीवर धरून आणलं. मी वाटाण्याच्या पिशव्या बाजूला सारून फ्रीझरमध्ये जागा केली. अजमानमध्ये राहणारा दौलत, आमची खोकी बांधायला येणारा, त्याला ते द्यायचं असं आमचं ठरलंय. तो आनंदानं नेईल, कोकणातला आहे. दोनदा येऊनही गेला. पण दोन्ही वेळा हेमचंद्र मला आत येऊन म्हणाला, "राहू दे गं अजून दोन दिवस."

मी राहू दिलंय. फ्रीज आम्ही सगळ्यांत शेवटी रिकामा करणार आहोत.