दप्तराचा दुसरा पट्टा

नव्या दप्तराचा वास आला की मला एका जागी बसवत नाही. तीस वर्षांपूर्वी, लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या खोलीत, मी न् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोरीच्या नव्याच दप्तराचा तुटका पट्टा शिवणं.

"अहो, एकाच खांद्यावर वजन नेते. तुमच्यासारखी वाकडी झाली तर कोण बायको करेल तिला?"

कापडाचे ताके वाहून माझा एक खांदा कायमचा उतरला होता.

"तू केलंस ना मला नवरा?"

"माझे डोळे फुटले होते," म्हणत ती खूप हसली. त्याच संध्याकाळी छातीत कळ आली न् ती गेली.

रात्रीच तिला अग्नी दिला. सकाळी पोरीला शाळेसाठी तयार केलं तशी शेजारीण ओरडली, "सुतकात कसली शाळा?" घरात बसवेना. पोरीच्या दोन्ही खांद्यांवर पट्टे चढवले न् शाळेपर्यंत तिची पाठ बघत मागं चालत गेलो.